पाल्याच्या औषधाची परीक्षा कोणी घ्यायची?



गेल्या खरिपात तळोद्याच्या बाजूला एका गावी बैठक होती. भावाचा विषय संपला, विजेचा संपला, आणि मग नेहमीप्रमाणे औषधांवर गाडी आली. एक तरुण शेतकरी उभा राहिला. म्हणाला, "माझ्या कपाशीवर करपा आला होता. पानांवर शिरांच्या मध्ये कोपरे असलेले तेलकट ठिपके, मग ते काळे पडले. मी दशपर्णी मारली. आठ दिवसांत करपा जागच्या जागी थांबला. औषधाच्या दुकानाची पायरी चढलो नाही." टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी आजी बोलल्या, "भाऊ, मी ते काहीच मारं नही. मना बी करपा थांबी गया."

बैठक हसली. तो पोरगा खाली बसला. आम्ही मात्र त्या रात्री एस.टी.त बसून तोच विचार करत होतो. दोघांतले खरे कोण? विचार केला तर दोघेही खरेच बोलत होते. कपाशीचा हा करपा जिवाणूमुळे येतो. त्याला ओले पान लागते, पावसाचे उडते थेंब लागतात. त्या आठ दिवसांत पावसाने उघडीप दिली होती. उघडीप दिली की करपा आपोआप मंदावतो. मग त्या पोराच्या दशपर्णीने काही केले की नाही? केलेही असेल. नसेलही केले. ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण त्याने सगळे शेत फवारले. चार ओळी कोऱ्या सोडल्या असत्या तर शेजारच्या आजींची साक्ष काढायची वेळ आली नसती.

या अंकाचा अग्रलेख या चार कोऱ्या ओळींवर आहे. विषय छोटा वाटेल. पण कपाशी आणि ज्वारी करणाऱ्या कोरडवाहू माणसाच्या खिशाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

पाल्याच्या अर्काचा विषय आजच का काढला, ते आधी सांगतो. या जिवाणू करप्यावर आपल्याला वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळाला : कॉपर ऑक्सिक्लोराईड घ्या, त्यात स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाका. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. यातले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले आणि माणसाच्या क्षयरोगावर चालणारे ते पहिले औषध ठरले. म्हणजे दवाखान्यात जे इंजेक्शन टोचायचे तेच आपण रानात पंपाने उडवत आलो. जंतू असल्या माऱ्याला सरावतात. सरावले की मग औषध रानातही चालत नाही आणि दवाखान्यातही. म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या औषधाचा शेतीतला वापर बंद करण्याच्या दिशेने पाऊल उचलले. सरकारच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. एवढेच विचारायचे आहे की एक हत्यार काढून घेताना हातात दुसरे काय दिले? तिथे आपला पाला पुढे येतो. कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, टणटणी, रुई हे सगळे बांधावर आहे, फुकट आहे, आणि आजा-पणजाच्या वेळेपासून ठाऊक आहे.

ठाऊक आहे म्हणजे नेमके काय ठाऊक आहे?

कॉलेजातले पोरेपोरी पाल्याची परीक्षा कशी घेतात ते आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते, म्हणून सांगतो. समुद्रातल्या शेवाळापासून अगार नावाचा पदार्थ करतात. तो गरम पाण्यात विरघळवून, त्यात जंतूंचे खाणे घालून, काचेच्या बशीत ओतला की खरवसासारखा थिजतो. त्यावर जंतू सारवतात. मग अर्कात भिजवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवतात, किंवा अगारला भोक पाडून त्यात अर्क घालतात. दुसऱ्या दिवशी बशी पाहायची. सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर टिकलीभोवती जंतू वाढलेले नसतात, तेवढे रिंगण स्वच्छ राहते. ते रिंगण पट्टीने मोजायचे. बुरशीसाठी थोडी वेगळी रीत आहे : अर्क अगारमध्येच मिसळतात, मध्ये बुरशीचा ठिपका ठेवतात आणि साध्या बशीच्या मानाने तो किती कमी पसरला ते पाहतात.

परीक्षा चांगली आहे. स्वस्त आहे, झटपट होते, आणि तिच्यात एक गोष्ट आहे जी आपल्या शेतात नसते : शेजारी एक कोरी बशी असते. ज्यात अर्क नाही, नुसते पाणी आहे, अशी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणीही मास्तर निकाल मान्य करत नाही. शाळकरी पोराला जे कळते ते आपल्याला पाच एकरांत कळू नये, हे काही बरे नाही.

पण बशीतले रिंगण आणि शेतातले पान यांच्यात फार मोठा नाला आहे, आणि तो कोणी ओलांडून दाखवत नाही.

पहिली गोष्ट, अर्क कशात काढला? प्रयोगशाळेत बहुधा मिथेनॉल, अॅसिटोन असल्या द्रवात काढतात, कारण पाल्यातले बरेचसे गुण पाण्यात उतरतच नाहीत. आपल्याकडे काय आहे? विहिरीचे पाणी आणि गोमूत्र. मिथेनॉलच्या अर्काने बशीत मोठे रिंगण केले म्हणून पाण्यात उकळलेल्या पाल्याने करपा जाईल असे म्हणणे म्हणजे तुपातला शिरा चांगला झाला म्हणून पाण्यातलाही होईल असे म्हणणे.

दुसरी गोष्ट जंतूंची. अशा अभ्यासांत जंतू बहुधा माणसाच्या रोगांचे घेतात, फोडातले, जुलाबातले, कारण ते सहज मिळतात आणि त्यावर निबंध लवकर छापून येतो. कपाशीच्या करप्याचा जिवाणू वेगळा. दहियाची बुरशी वेगळी. ज्वारीच्या खडखड्याची त्याहून वेगळी, ती मातीत बसून राहते आणि पाण्याचा ताण पडला की ताटाच्या बुडख्यात शिरते. तिच्यावर पानांवर मारलेला अर्क काय करणार?

तिसरी गोष्ट प्रमाणाची, आणि इथे आम्ही गणित मांडतो. समजा एखाद्या पाल्याचा वाळवलेला अर्क दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असला तर बशीत चांगला चालला. कागदावर आकडा लहान दिसतो. आता आपला १५ लिटरचा पंप घ्या. त्याच ताकदीला एका पंपात ७५० ग्रॅम सुका अर्क लागेल. सुक्या पाल्याच्या दहावा भाग अर्क निघाला असे धरले तर साडेसात किलो सुका पाला. ओला पाला वाळून तिसरा हिस्सा उरतो असे धरले तर साडेबावीस किलो ओला पाला, एका पंपाला. एकरी १० पंप धरा. सव्वादोनशे किलो पाला तोडा, वाहा, वाळवा, कुटा, गाळा. एका एकराला, एका फवारणीला. बांधावरचा पाला फुकट असेल, पण तो तोडणाऱ्या बाईची मजुरी फुकट नाही, आणि ती बाई घरचीच असली म्हणून तर मुळीच फुकट नाही. घरच्या बाईचे श्रम खर्चात न धरण्याची जी खोड सरकारला आहे ती आपण तरी उचलू नये.

चौथी गोष्ट उन्हाची. बशी कपाटात असते. पान उन्हात असते, वाऱ्यात असते, पावसाने धुतले जाते. कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन उघड्या उन्हात काही दिवसांत मोडते. शिवाय ते पाल्यात फार थोडे असते, निंबोळीच्या गरात जास्त असते. आणि ते मुख्यतः किडीवर चालते. बुरशी रोखण्याचा गुण बराचसा निंबोळीच्या तेलकट अंशात आहे. म्हणजे पाच टक्के निंबोळी अर्क अळीवर उपयोगी पडला, म्हणून तोच करप्यावर पडेल असे गृहीत धरता येत नाही. झाड एक, पण त्याच्या पोटात औषधे दोन.

एवढे वाचून कोणी म्हणेल की तुम्ही पाल्याची निंदा करता. नाही. आम्ही पाल्याची वकिली करतो आहोत. पण वकिलाला पुरावा लागतो. पुरावा नसला तर काय होते आणि असला तर काय होते, ते आता सांगतो. ही गोष्ट कडुनिंबाचीच आहे, बुरशीचीच आहे, आणि ती जर्मनीतल्या म्युनिक शहरात घडली असली तरी तिचे मूळ सांगली आणि पुणे जिल्ह्यांच्या रानात आहे.

डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते यांनी मिळून १९९० साली युरोपच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. दावा असा की निंबोळीपासून काढलेल्या तेलकट अर्काने पिकांवरची बुरशी रोखण्याची रीत आम्ही शोधून काढली. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ज्या झाडाचा पाला आपण धान्याच्या कणगीत घालतो, गोवराच्या पोराच्या उशाशी ठेवतो, पाडव्याला चावतो, त्याच्या गुणाची मालकी समुद्रापलीकडे गेली. इकडे साहजिकच गहजब झाला. मोर्चे निघाले, भाषणे झाली. १९९५ साली डॉ. वंदना शिवा यांची संस्था, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आलव्हूत आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा जागतिक महासंघ यांनी मिळून पेटंटला हरकत घेतली.

हरकतीत एक मुद्दा स्वाभाविक होता : भारतात हे शेकडो वर्षांपासून चालू आहे. मुद्दा खरा आहे. पण न्यायासनापुढे 'शेकडो वर्षे' म्हणजे काय? कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या पिकावर, कोणत्या रीतीने काढलेला अर्क, किती मारला, आणि काय झाले? वजन पडले ते अभय फडके या मराठी माणसाच्या साक्षीचे. कडुनिंबाच्या अर्काची शेतीऔषधे करण्याच्या धंद्यातला हा माणूस. त्याने सांगितले की आम्ही अशाच अर्काच्या चाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या पिकावर घेतल्या आहेत. साल, जिल्हा, पीक, रीत, सगळे हजर. कंपनीच्या अर्जाच्या चार-पाच वर्षे आधीचे. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले. ८ मार्च २००५ ला तेही फेटाळले गेले.

मंडळी, दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, हरकत घेतल्यापासून शेवटचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. दुसरी, कोट्यवधी लोकांना जे माहीत होते त्याला जे जमले नसते ते दोन उन्हाळ्यांतल्या चाचण्यांनी जमवले. मोर्चा आम्हीही काढतो, घोषणा आम्हीही देतो, त्यांची किंमत आम्हाला कळते. पण म्युनिकच्या त्या दालनात घोषणा चालल्या नसत्या.

हळदीचेही तसेच. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले. गंमत म्हणजे संशोधक म्हणून नावे होती ती भारतीय वंशाच्या दोघांची. म्हणजे आजीची हळद नातवांनीच नोंदवली. आपल्या गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ दाखवले, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला लेख दाखवला. त्या काळात अमेरिकेचा कायदाच असा होता की परदेशात लोक एखादी गोष्ट करत आले आहेत याला किंमत नाही, परदेशात ती छापली गेली असेल तर किंमत आहे. तो कायदा २०१३ पासून बदलला. पण तोवर सातपुड्यातल्या म्हाताऱ्या भिल्लाचे तोंडी ज्ञान तिथे शून्य धरले जात होते, आणि चार पानांचा छापील लेख शंभर टक्के.

यावर चिडायचे तर चिडा. आम्हीही चिडलो होतो. पण चिडून झाले की वही काढा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. सातपुड्याच्या कुशीत धडगाव, अक्कलकुवा, इकडे नवापूर : झाडपाल्याची माहिती असलेली माणसे आपल्याकडे आहेत तशी फार थोड्या ठिकाणी असतील. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वनस्पतींवर डॉ. डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ साली निघाला, म्हणजे झाडांची नावे तरी शास्त्राच्या दप्तरात गेली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावात ती वही आहे का आणि तिच्यात काय लिहिले आहे, हे ग्रामसभेत विचारा. पुष्कळ ठिकाणी तीत 'कडुनिंब : औषधी' एवढेच सापडेल. एवढ्यासाठी वही कशाला, ते तर शेळीलाही माहीत आहे.

कॉलेजातल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही आमच्या शिवारातून पाला नेता, त्याचा अभ्यास करता, पदवी मिळवता. आनंद आहे. यातले बरेचजण शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. पण पाल्याची परीक्षा घ्याल तर कपाशीच्या करप्याच्या जिवाणूवर घ्या, ज्वारीच्या दाण्यांवरच्या बुरशीवर घ्या. एक बशी पाण्यातल्या अर्काचीही ठेवा. नुसत्या मिथेनॉलची कोरी बशीही ठेवा, कारण मिथेनॉल स्वतःही जंतू मारते. बाजारातल्या नेहमीच्या औषधाची एक बशी शेजारी असू द्या, म्हणजे रिंगण किती मोठे हे कळेल. तेलकट अर्क अगारमध्ये नीट पसरत नाही, त्याचे रिंगण लहान येते. म्हणून लहान रिंगणाचा पाला लगेच निकामी ठरवू नका. आणि निकाल काय लागला ते एका कागदावर मराठीत लिहून ज्या गावचा पाला नेला त्या गावच्या पाटीवर लावा. 'काही उपयोग झाला नाही' असा निकाल आला तरी लावा. आम्हाला तोही हवा आहे. सव्वादोनशे किलो पाल्याची मेहनत वाचते.

राहुरीच्या विद्यापीठाकडे आणि कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आमचे मागणे याच्या पुढचे आहे : ज्या अर्काने बशीत गुण दाखवला त्याची परीक्षा कोरडवाहू शेतात, दोन-तीन हंगाम, निरनिराळ्या जमिनीवर व्हावी. एका ओल्या वर्षाचा निकाल कोरड्या वर्षाला लागू पडत नाही हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

पण आपणही हातावर हात धरून बसायचे कारण नाही. कपाशीतला करपा मोजायला थोडे किचकट पडते. सुरुवात ज्वारीपासून करा, दाण्याच्या काणीपासून. ही परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला भिंग लागत नाही.

दाणे काणी म्हणजे कणसात दाण्याच्या जागी राखाडी पिशव्या धरतात, फोडल्या की काळी भुकटी निघते ती. मळणीत पिशव्या फुटतात, भुकटी चांगल्या बियाला चिकटते, आणि पुढच्या वर्षी त्याच बियाबरोबर उगवते. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांचा अभ्यास १९१८ सालीच छापून आला. रोग बियावर बसलेला असतो म्हणून इलाजही बियावर : किलोला ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळायची. एकरी चार किलो बियाला १६ ग्रॅम. चहाच्या पैशात काम होते. (झिपरी काणी आणि लांब काणी याला दाद देत नाहीत, त्यांची लागण वेगळ्या वाटेने होते. नाहीतर गंधक चोळूनही काणी आली म्हणून कोणी आमच्या नावाने बोटे मोडील.)

आता याच ठिकाणी पाल्याला उभे करा. फवारणीला क्विंटलांनी लागणारा पाला बियाला मूठभर पुरतो, म्हणजे तो इथे परवडण्यासारखा आहे. ज्या रानात गेल्या वर्षी काणी होती तिथले थोडे बी घ्या. निर्मळ बी घेऊन परीक्षा केली तर तिन्हीकडे काणी येणार नाही आणि सगळेच पास होतील. त्या बियाचे तीन वाटे करा. एक वाटा नुसत्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवलेला. एक गंधक चोळलेला. एक पाल्याच्या गाळलेल्या अर्कात तेवढाच वेळ भिजवून सावलीत वाळवलेला. खरिपाच्या ज्वारीत करा, दादर पेरणाऱ्यांनी रब्बीत करा. दोन-तीन गुंठ्यांपेक्षा जास्त जागा यात घालू नका, कारण कोऱ्या वाट्यात काणी येणारच आहे.

पेरताना पहिल्या वाट्याच्या चार ओळी, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या चार, आणि पुन्हा तसेच. निदान तीन वेळा. कारण आपले रान सारखे नसते. एका टोकाला खोल काळी, दुसऱ्या टोकाला बरड. चांगला तुकडा लाडक्या औषधाला देण्याचा मोह होतो, म्हणून कोणत्या ओळी कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. खुणेच्या खुंट्यांवर अ, ब, क एवढेच लिहा. कणसे निसवल्यावर प्रत्येक वाट्यातली शंभर कणसे मोजा आणि त्यांत काणीची किती ते लिहा. मोजायला असा माणूस बोलवा ज्याला अ कोण आणि ब कोण हे माहीत नाही. शेजारी चालेल. तुमच्या यशावर जळणारा शेजारी असला तर उत्तमच.

हे जमले की पुढच्या वर्षी कपाशीत शिरा. तिथेही तीन वाटे : एकावर नुसते साबणाचे पाणी, कारण अर्कातला साबणही काहीतरी करतोच, एकावर अर्क, एकावर खात्याने सांगितलेले औषध. प्रत्येक वाट्यातली २० झाडे, प्रत्येक झाडाची वरचे, मधले, खालचे अशी तीन पाने, म्हणजे वाट्याला ६० पाने. त्यांतली डागाची किती? फवारणीच्या आधी मोजा, आठ दिवसांनी मोजा, पंधरा दिवसांनी मोजा. पाऊस कोणत्या तारखेला पडला ते शेजारी लिहा. वेचणीला प्रत्येक वाट्याचा कापूस वेगळा तोला. पानावरचे डाग कमी झाले आणि तराजूत फरक पडला नाही, असेही होते. आपल्याला पैसे डागाचे मिळत नाहीत, कापसाचे मिळतात. आणि अर्काला किती माणसे किती वेळ लागली तेही लिहायला विसरू नका.

एक सावधगिरीची गोष्ट. पाल्याचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे असे समजून पोरांना हातांनी कालवायला लावू नका. दशपर्णीत कण्हेर असते, रुई असते. कण्हेरीच्या पाल्याने बैल दगावतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते रासायनिक औषधांनी. पण नाक-तोंड बांधण्याचा, वाऱ्याकडे पाठ करण्याचा, उपाशीपोटी पंप न उचलण्याचा धडा सगळ्या औषधांना सारखाच आहे.

बाटलीतल्या 'जैविक' औषधांबद्दल एकच सांगतो. निंबाची बाटली घेताना तिच्यावर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण किती, नोंदणी क्रमांक आहे का, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख काय, हे वाचा. ३०० पीपीएमची बाटली आणि १०,००० पीपीएमची बाटली या दोन्हींवर कडुनिंबाचे तेच पान छापलेले असते. आमच्या एका सहकाऱ्याने मागे अशी एक बाटली घेतली. चित्र सुरेख, वास झणझणीत, आणि लेबलावर आत काय आहे याचा एक अक्षर पत्ता नाही. दुकानदार म्हणाला, "नैसर्गिक आहे, लिहायची गरज नाही." पक्की पावती मात्र दिली नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांनी परीक्षा लावली त्यांनी वह्या घेऊन यावे. शंभर पानी शाळेची वही पुरे. पहिल्या पानावर गाव, गट नंबर, जमीन कशी, बी कोणते, कोणत्या झाडाचा पाला, किती किलो, किती पाण्यात, उकळून की भिजवून, किती दिवस ठेवला. आत तारखा आणि मोजण्या. लिहिता येत नसेल तर सातवी-आठवीतल्या पोरीला लिहायला बसवा, त्यांचे अक्षरही चांगले असते. ज्यांच्या पाल्याने काहीच केले नाही त्यांनी वही घरी ठेवू नये, तीही आणावी. त्या तळोद्याकडच्या पोराला आम्ही निरोप धाडला आहे. आजींनाही बोलावले आहे. यंदा शेजारशेजारच्या दोन शेतांतल्या मोजण्या ते दोघे मिळून करणार आहेत.